गेला म्हणजे काय

राइट टाउन, जबलपूर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अभिराम,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर पान खराब दिसेल म्हणून राहू देते, त्यावर फार विचार करू नकोस.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी सुरू झाली, स्वेटर काढले. मटार आला आहे, अजून महाग आहे. गीझर पुन्हा बिघडला होता, श्रीकांतकाकांनी मिस्त्री आणून तो नीट करून घेतला आणि मिस्त्री गेल्यावर माझ्याकडचा चहा घेत तासभर गीझर या विषयावर बोलले. घरमालक वरच्या मजल्यावर राहत असला की हे चालायचंच. तू कसा आहेस? पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारते, आणि या वेळी विचारायला कारणही आहे. गेल्या गुरुवारी दुपारी जबलपुरात तुझं निधन झालं.

मी थट्टा करत नाहीये. थट्टा करण्याइतकं डोकं ठिकाणावर असतं तर पत्र लिहायला बसलेच नसते. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, आणि ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आलं की सही करून घ्यावंच लागतं, म्हणून हा उद्योग. काम एकच आहे. तू इथे यायचंस आणि दुर्वासमोर बसायचंस. का, ते कळायला सगळी हकीकत वाचावी लागेल. कंटाळा आला तरी वाच. मेलेल्या माणसाला दुसरं काय काम असतं.

सुरुवात तुझ्यापासूनच करते. चार वर्षांपूर्वी माझ्या कॉलेजच्या नोकरीसाठी आपण इथे आलो तेव्हा तू म्हणाला होतास, घरातूनच तर काम करायचंय, गाव कुठलं का असेना. सहा महिन्यांत तुझी टकळी सुरू झाली, ना धड गाव ना धड शहर. तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इथे सगळं मिळतं, पण एकेकच मिळतं. बरा दंतवैद्य एकच, आणि तेच आपल्या मराठी मंडळाचे सचिव शरच्चंद्रजी. गणपतीच्या कार्यक्रमावरून तू त्यांच्याशी भांडलास आणि मग दाढ धरून नागपूरला गेलास. बडा फुहाऱ्याच्या चौकात तू सिगरेट ओढलीस, ती विझायच्या आत मला घरी कळलं होतं, आणि मी कुणाला विचारायला गेले नव्हते. "इथे माणसाला धड एकटंही पडता येत नाही," असं तू म्हणायचास. तेव्हा मला तुझा राग यायचा. तुझा आताही येतो, पण आता या शहराचाही येतो.

फेब्रुवारीत तू दोन आठवड्यांसाठी म्हणून पुण्याला गेलास. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की तू टूरवर आहेस. दुर्वाला सांगितलं, बाबाचा मोठा प्रोजेक्ट आहे. हे किती कष्टाचं काम आहे याची तुला कल्पना नाही. पुण्यात एक थाप मारली की ती तिथेच जिरते. इथे वरच्या प्रतिमाकाकूंना मारलेली थाप कॉलेजात, भाजीवाल्याकडे, शाळेत, सगळीकडे जशीच्या तशी मारावी लागते, कारण संध्याकाळी ही सगळी माणसं एकमेकांना भेटतात. एकदा मी काकूंना हैदराबाद म्हटलं आणि कॉलेजात चेन्नई. आठवड्याच्या आत शरच्चंद्रजींनी माझ्या तोंडात त्यांचा तो छोटा आरसा घालून विचारलं, "अभिरामजी हैदराबादहून परस्परच चेन्नईला गेले का?" तोंडात आरसा असताना खोटं बोलता येत नाही, त्या खुर्चीचा तेवढाच फायदा. मी नुसतं आं केलं.

मग गेल्या बुधवारी तुझा तो मेसेज आला. त्यात काय होतं ते तुला ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी दुर्वाला शाळेच्या रिक्षात बसवून दिलं आणि ओट्यापाशी उभी राहिले. दूध उतू गेलं होतं, ते पुसायचंही सुचत नव्हतं. तेवढ्यात प्रतिमाकाकू विरजण मागायला खाली आल्या. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "अभिराम दिसून नाही राहिला बरेच दिवसांपासून. कधी येऊन राहिला?"

टूर म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द बाहेरच पडेना. मी म्हटलं, "गेला तो, काकू. आता नाही यायचा."

आता तूच सांग, यात मी काय खोटं बोलले? नऊ महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले होते. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. त्यांनी मला जवळ घेतलं आणि रडायला लागल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई, न सांगता ओळखलं. मग मीही रडले. फेब्रुवारीपासूनचं सगळं साचलेलं रडले. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो आणि दोघी वेगवेगळ्या गोष्टीसाठी रडत होतो, हे दोघींनाही माहीत नव्हतं. त्यानंतर जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते. मनातल्या मनात इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

"कधी झालं?"

"काल कळलं. मेसेज आला."

"मेसेज? फोन तर करायचा माणसांनी."

"तेवढी माणुसकी कुठे आहे, काकू."

"असं अचानक काहून पण?"

"अचानक नाही. आतून बरेच दिवस चालू होतं. मला दिसत होतं, मीच मान्य करत नव्हते."

"आणि आम्हाला सांगितलं नाही काहून? वरच तर आहो आम्ही."

"लाज वाटत होती."

"यात लाज कसली, बेटा? हे तर कोणाच्याही घरी होऊ शकते. जवळ कोणी होतं त्याच्या?"

इथे मी मनात म्हटलं, आता होऊनच जाऊ दे. "आहे एक तिथली. ऑफिसातली. तीच असते त्याच्यासोबत."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "चलो, तेवढं तरी चांगलं झालं. एकटा तर नव्हता."

अभिराम, सत्तरीच्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झाले. म्हटलं, काय मोठं मन आहे, आणि आपण यांना जुनाट समजत होतो. मी तिकडे जाणार नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता जाऊन काय करू? सगळं उरकलं आहे." त्यावर त्या पुन्हा रडल्या. दुर्वाला सांगितलं का, हे शेवटी विचारलं. मी म्हटलं, नाही, माझ्याच्याने सांगवणार नाही. काकू म्हणाल्या, "तू राहू दे. मी पाहते."

हे 'मी पाहते' मी ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. अकराचं लेक्चर होतं. तोंड धुतलं आणि कॉलेजला गेले. काकूंना वाटलं असणार की धक्क्याने माझं डोकं काम करत नाहीये.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. काकूंनी वर जाऊन काकांना सांगितलं, काकांनी शरच्चंद्रजींना फोन केला, आणि शरच्चंद्रजींनी एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन देऊन तसंच बसवून ठेवलं आणि मंडळाच्या ग्रुपवर मजकूर टाकला. 'आपल्या मंडळाचे उत्साही सदस्य श्री. अभिराम यांचे पुणे मुक्कामी अल्पशा आजाराने दुःखद निधन.' अल्पसा आजार त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला. फोटो गेल्या वर्षीच्या गणपतीतला, तू आरतीला झांजा वाजवत होतास तो. शेजारच्या माणसाला कापून टाकलं, पण त्याचा हात तुझ्या खांद्यावर तसाच राहिला. खाली माणसांनी हात जोडायला सुरुवात केली. तो ग्रुप माझ्याही फोनवर आहे, पण तुझ्याच सांगण्यावरून मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता.

कॉलेजात माझ्याशी कोणी धड बोलेना. वर्गात शिरले तर मुलं उभी राहिली ती बसेचनात. विभागप्रमुख येऊन म्हणाले, "मैडम, आप घर जाइए।" मी म्हटलं, "क्यों सर? पोर्शन बाकी है।" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं साडीला काहीतरी लागलंय. दुपारी निघाले ती थेट सराफ्यात गेले. मंगळसूत्राची एक वाटी निखळली होती, ते दुरुस्तीला टाकलं होतं. तशा दिवशी ते आणायला मी का गेले, हे आत्ता विचारू नकोस.

सराफ आपला नेहमीचाच. मला पाहून तो गादीवरून उठून उभा राहिला. मंगळसूत्र काढलं, थोडा वेळ नुसतं हातात धरून ठेवलं, मग म्हणाला, "दीदी, गुलाबी कागज़ में आज नहीं देंगे। मन नहीं मानता।" पांढऱ्या कागदात त्याची पुडी केली आणि माझ्या हातात न देता काचेवर ठेवली. मी विचारलं, "क्या हुआ, भैया?" तो म्हणाला, "भाईसाहब बहुत अच्छे आदमी थे।"

त्या 'थे'ने मला सगळं उलगडलं. काकूंचा एकेक प्रश्न आपापल्या जागी जाऊन बसला. 'एकटा तर नव्हता'सुद्धा.

तिथल्या तिथे त्याला सांगायला हवं होतं की ते जिवंत आहेत. पण मग त्याने विचारलं असतं, तर मग हे काय चाललंय, आणि सराफ्यात उभं राहून मी काय उत्तर देणार होते? मी म्हटलं, "ठीक है, भैया," आणि पुडी पर्समध्ये टाकली. स्कूटर कमानिया गेटपाशी लावली होती. तिथे पोचेपर्यंत ओळखीची माणसं भेटली. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. एका बाईंनी माझा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. खरं सांगू? मला बरं वाटलं. नऊ महिने मी याच माणसांना चुकवून गल्ल्या बदलत होते, आणि आता कोणी काहीच विचारत नव्हतं. नवरा वारला तर बाईला कोणी विचारत नाही की तुझं काय चुकलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तिची आईसुद्धा विचारते. माझी विचारेलच, तिला अजून सांगायचं आहे. म्हणून मी लगेच घरी गेले नाही. स्कूटरवर तशीच बसून राहिले, गर्दी बघत. त्या वेळी घरी काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर क्षणभरही थांबले नसते, एवढं तरी माझ्याबद्दल मान.

घरी पोचले तर चपला दारापासून फाटकापर्यंत. आत निम्मं मंडळ पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसलेलं. तोच झांजांचा फोटो मोठा करून टीव्हीसमोर टेकवलेला, त्याला हार. आणि मधोमध काकूंना टेकून दुर्वा, शाळेच्या गणवेशात, बूटही न काढलेली. काकूंनी 'पाहिलं' होतं. स्वतः शाळेत जाऊन तिला आणलं होतं आणि रिक्षात जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाबा देवाघरी गेला, बेटा."

दुर्वाने विश्वास ठेवला नाही. ती म्हणाली, मी फोन करून बघते. काकूंच्या फोनवरून केला, काकांच्या केला, शरच्चंद्रजींच्या केला. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस. मग तिला कपाटातला माझ्या दुसऱ्या नंबरचा जुना फोन आठवला, तो काढून चार्जिंगला लावला आणि त्यावरून केला. त्यावर तर तुला माझं नाव दिसतं. तोही तू उचलला नाहीस. किती वेळा केला ते मी लिहीत नाही, तुझ्याकडे असेलच.

मी दारातूनच म्हटलं, "अभिराम जिवंत आहे."

सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले. मंडळातल्या गीतांजलीबाई उठून पाणी आणायला गेल्या. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं पण तूच तर म्हणाली, गेला."

"गेला म्हणजे सोडून गेला, काकू. पुण्यात राहतो. आता तिथेच राहणार."

"आणि ती, जवळ होती ती?"

"तिच्यासोबतच."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, हे तर आणखी वाईट झालं." आणि किती तरी माना हलल्या. तू मेलास ते त्यांनी सोसलं होतं. जिवंत आहेस ते त्यांना सोसवेना.

श्रीकांतकाका मध्येच कुठेतरी नाहीसे झाले होते, ते खोव्याच्या जलेबीचा पुडा घेऊनच उगवले. "हे काहून आणलं?" काकू कडाडल्या. काका म्हणाले, "जिवंत आहे ना तो? चांगली बातमी आहे." "अहो, सोडून गेला आहे तो." "पण जिवंत तर आहे." त्यांची तिथेच जुंपली. निम्म्या लोकांना काकांचं पटलं, निम्म्यांना काकूंचं. शरच्चंद्रजींनी ग्रुपवरचा पहिला मजकूर काढून दुसरा टाकला, 'श्री. अभिराम सुखरूप आहेत. कृपया श्रद्धांजली पाठवू नये.' तरी दुसऱ्या दिवशी तुझ्या न्हाव्याने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं, कारण तो काही त्या ग्रुपवर नाही.

लोक उठायचं नाव घेईनात. एका कारणासाठी आले होते, दुसऱ्या कारणासाठी बसून राहिले. माझ्याच स्वयंपाकघरात कोणी मला न विचारता खिचडी चढवली, फोटोवरचा हार काढायचा की ठेवायचा यावर बैठक बसली. शनिवार-रविवारी तेच लोक डबे घेऊन पुन्हा आले, सल्ले द्यायला. चांगला वकील म्हणे एकच आहे, आणि तो माझ्या बाजूने उभा राहील की तुझ्या, हे मंडळात चर्चा करून ठरवू म्हणतात. एकेकाला हात धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. काढता येत नाही, कारण सोमवारी त्यांच्यातल्याच कोणाकडे तरी काम निघतं. तू हे सगळं सोडून पळालास. मला ते जमलं नाही, आणि आता जमवायचंही नाही, कारण माझी नोकरी इथे आहे आणि दुर्वाची शाळा इथे आहे.

दुर्वाबद्दल लिहायचं मी एवढा वेळ टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या गोंधळात ती एवढंच म्हणाली, "म्हणजे बाबा नाही मेला?" मी म्हटलं, नाही. "मग फोन का नाही उचलत?" खोली भरून मोठी माणसं बसली होती. संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'मीटिंगमध्ये होतो. काय मूर्खपणा चाललाय त्या गावात? मी ठीक आहे.' मी तो तिला वाचायला दिला. तिने वाचला आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "हे कोणीपण लिहू शकतं." मी तुला कळवलं, तिला फोन कर, तुझा आवाज ऐकव. तू अंगठा पाठवलास. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारी ती फोन शेजारी घेऊन चित्र काढत बसली होती. तू फोन केला नाहीस.

तुला भीती वाटते, हे मला कळतं. ती विचारेल आणि तुला सांगावं लागेल, म्हणून तू टाळतोस. त्या बुधवारच्या मेसेजची शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. 'रुचिरा आणि मी एकत्र राहतोय' हे मी गिळलं. त्याच्या खालची ओळ गिळता आली नाही. 'दुर्वाला तू तुझ्या पद्धतीने सांग.' तर माझ्या पद्धतीने तिला सांगून झालं. साऱ्या गावासमोर, सतरंजीवर, हार घातलेल्या फोटोपुढे. एवढी वाईट पद्धत मला शोधूनही सापडली नसती. तुझी पद्धत अजून बाकी आहे.

तू माझ्याकडे परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. तशी आशा मला होती. मंगळसूत्र आणायला गेले होते ना मी, त्या अर्थी होतीच. पण दुर्वा तुला फोन लावत होती, हे कळलं आणि ती संपली. रुचिराबरोबर राहा, सुखाने राहा. सही कुठे करायची ते पाठव, मी करते. मला राग आहे, खूप आहे, पण तो माझा मी बघेन.

परवा, सोमवारी, मला शाळेतून बोलावणं आलं. बाई चांगल्या आहेत, आधी बसायला सांगून पाणी दिलं. त्यांनी वर्गाला समजावून सांगितलं होतं की दुर्वाचे पापा ठीक आहेत, सगळ्यांचा गैरसमज झाला होता. तर दुर्वा जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "नहीं मैम, पापा नहीं रहे।" घरी येताना स्कूटरवर मी विचारलं, असं का सांगितलंस? मागून म्हणाली, "आई, सोडून गेला म्हटलं तर सगळे विचारतात, क्यों. मेला म्हटलं तर कोणी काही नाही विचारत." नऊ वर्षांची आहे ती, अभिराम. मी तिला रागावू शकले नाही. मला स्वतःला तेच सोपं वाटलं होतं, तर तिला काय तोंडाने रागावू?

आणि काल दप्तर काढता काढता म्हणाली, "समिधा पूछ रही थी, तेरहवीं कब है?" समिधा म्हणजे शरच्चंद्रजींची नात, हिच्या बाकावर बसते. इथे तेराव्याला सगळ्यांना जेवायला बोलावतात, मुलांना त्यात आणि लग्नाच्या जेवणात फरक वाटत नाही. मी विचारलं, तू काय सांगितलंस? "आईला विचारून सांगते म्हटलं." मी तिचा डबा घासायला घेतला, तेव्हा ती वर गेली आणि काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजून आली. मंगळवार, पंचवीस तारीख. काकू तिच्या मागोमाग खाली आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची नाही.

तू ये. रेल्वेने ये, कशानेही ये. तुला कोणी काही बोलणार नाही असं मी म्हणत नाही, बोलतील. शरच्चंद्रजी तोंडावर बोलतील, काकू रडतील, रस्त्यात माणसं थांबून बघतील. ऐकून घे, बघू दे. मग घरात येऊन दुर्वासमोर बस आणि तिला दोन गोष्टी सांग. तू जिवंत आहेस, ही एक. आणि तू आता या घरात राहणार नाहीस, ही दुसरी. मी दोन्ही सांगून पाहिल्या. माझ्या तोंडून तिला त्यातली दुसरीच पटते.

मंगळवारच्या आत ये. नाही आलास तर समिधा आणि वर्गातल्या मुली तुझ्या तेराव्याचं जेवायला येतील. दुर्वाने बोलावलं तर मी त्यांना नाही म्हणणार नाही. पुऱ्या करीन, भाजी करीन, पानं मांडीन, आणि दुर्वाच्या पानात सगळ्यांत आधी वाढीन.

दुर्वाची आई,
मैथिली